वैद्यबाईंनी न विचारलेलं

डोंगराच्या पायथ्याशी बुरुडांची एक वस्ती होती. तिथे सगुणा नावाची तेरा वर्षांची मुलगी राहत होती. एका दुपारी तिच्या घराला आग लागली. आत्याने तिला दाराबाहेर ढकललं. आत्या मात्र वाचली नाही.

सगुणा बोलेनाशी झाली. जेवेना, झोपेना. तेव्हा जवळच्या गावात राहणाऱ्या वैद्यबाईंना बोलावलं. त्या मनाच्या दुखण्यांवर इलाज करत. महिनाभर त्या रोज सगुणाजवळ बसल्या, ती बोलू लागली तसं तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला रडू दिलं. हळूहळू पोर जेवू लागली, झोपू लागली. वस्तीने बाईंना दुवा दिला आणि बाकीची मुलंही त्यांच्याकडे धाडायला सुरुवात केली.

वैद्यबाई प्रत्येकाला विचारत, तुला कशाने दुखावलंय? मुलं आठवून आठवून सांगत. कुणाला बापाचा ओरडा आठवे, कुणाला मैत्रिणींनी खेळायला न घेतलेलं. बाई एवढं विचारतात म्हणजे ते मोठंच असणार, असं मुलांना वाटे. घरचेही त्यांच्याशी जपून जपून बोलू लागले.

सगुणाचं येणं तर दोन वर्षं चालू होतं. तिला चुलीजवळ बसवू नका, असं बाईंनी सुरुवातीला सांगितलं होतं. ते तसंच राहिलं होतं.

एक दिवस सगुणा हसतच आली. "बाई, काल आई बाजारात गेली होती, तेव्हा मी चूल पेटवून भाकरी केली."

बाई दचकल्या. "जाळ बघून काय वाटलं?"

"थोडी भीती वाटली. पण भाकरी टम्म फुगली."

"त्या भीतीबद्दल सांग," बाई म्हणाल्या.

सगुणाचं हसू मावळलं. खाली बघत ती पुन्हा त्या दुपारचं सांगू लागली. धूर, आत्याचा हात, आणि शेवटी, "माझं मन तिथेच जळून गेलंय."

वैद्यबाई चपापल्या. हे वाक्य पोरीचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची समजूत घालताना त्या स्वतःच तसं बोलल्या होत्या. बाईंना हेच ऐकायचं असतं, असं समजून पोरीने ते पाठ केलं होतं.

भाकरीचं सांगून पोर विषय टाळत होती असं म्हणून तेच पुढे चालू ठेवता आलं असतं. कुणी शंकाही घेतली नसती. पण बाईंनी सगुणाचा हात हातात घेतला.

"थांब, बाळा. माझं चुकलं. भाकरी कशी केलीस ते सांग."

सगुणा बोलतच सुटली. पीठ सैल झालं, पहिली भाकरी मोडली, दुसरी करपली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि संध्याकाळी तिच्या आईला भेटून, आता तिला स्वयंपाक करू द्या, असं सांगितलं.

त्यानंतरही कधी जळका वास आला की सगुणाला आत्या आठवे. मग ती आपणहून बाईंकडे येई आणि रडून मोकळी होई.

बाईंनी बाकीच्या मुलांना खोदून विचारणं सोडलं. मुलं अंगणात खेळत, बाईंना शेंगा सोलू लागत. त्यांच्यात एक अबोल मुलगी होती. तिला विचारलं की ती नेहमी, मला काही झालं नाही, एवढंच म्हणे. एका सकाळी शेंगा सोलता सोलता ती हळूच म्हणाली, "काका मला खोलीत कोंडून ठेवतो."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या तिच्याकडे वळून बसल्या.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: मुलांचं दुखणं जरूर ऐकावं, पण दुखण्यापलीकडचं मूलही ऐकावं.