अर्धी नोट

एका बाजारगावात यशवंतशेठ नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत. इंग्रजांच्या काळातल्या कागदी नोटा जमवायचा त्यांना नाद होता. त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो एका अर्ध्या नोटेवर, तिच्या डाव्या तुकड्यावर.

त्या काळी टपालाने पैसे पाठवताना लोक नोट मधोमध कापत. आधी एक तुकडा पाठवत, तो पोचल्याचं उत्तर आलं की दुसरा. जोडी ओळखता यावी म्हणून नोटेचा नंबर दोन्ही भागांवर छापलेला असे.

समोरच्या कापडदुकानातले नेमचंदशेठ यांच्याकडे तशाच नोटेचा उजवा तुकडा होता. दोघा मित्रांनी आपापला तुकडा एकाच जत्रेत, एकाच जुन्या पेटीतून घेतला होता. तेव्हा नोट एकच, याची दोघांनाही खात्री होती. ती पूर्ण कोणाकडे व्हावी, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. नंबर कळला तर समोरचा खोटा तुकडा बनवून आणेल, या भीतीने दोघांनीही आपला तुकडा कधी दाखवला नाही.

शेवटी नेमचंदशेठ विकायला तयार झाले. किंमत अफाट होती, आणि पैसे हातात पडल्याशिवाय तुकड्याचं पाकीट उघडायचं नाही, अशी अट होती. यशवंतशेठांनी मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे काढले. सुनेत्राला शहरात पशुवैद्यकीला प्रवेश मिळाला होता आणि फीची मुदत संपत आली होती.

"कॉलेज पुढच्या वर्षीही असेल," वडील म्हणाले. "नोट असेल का?"

नंबर जुळतो का, असं तिने विचारलं. मोठ्यांच्या व्यवहारात तोंड घालू नकोस, असं उत्तर मिळालं.

सुनेत्रा गप्प बसली नाही. ती वडिलांच्या मागोमाग कापडदुकानात गेली आणि पैशांच्या पिशवीवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, आधी दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. कोणी आधी ठेवायचा यावर भांडू नका, एकदमच ठेवा."

दोघांनी एकमेकांकडे संशयाने बघत तुकडे गादीवर ठेवले. सुनेत्राने नंबर मोठ्याने वाचले. ते वेगळे होते. नोटाच दोन होत्या.

दोघांनी वाकून नंबर पुन्हा वाचले. मग नेमचंदशेठ हसू लागले.

"यशवंता, म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्याकडचा चहा सोडला, तो कशापायी?"

यशवंतशेठांनी कपाळावरचा घाम पुसला. आपण काय घालवून बसलो असतो, ते आता त्यांना दिसत होतं. त्यांनी पिशवी मुलीच्या हातात दिली आणि आजच फी भरून ये म्हणाले. मग तिथेच गादीवर ऐसपैस बसले आणि त्यांनी चहा मागवला.

सुनेत्रा दारातून वळून म्हणाली, "जपून ठेवा हं, आप्पा. नोट पुढच्या वर्षीही असेल."

तात्पर्य: ज्यासाठी भांडायचं, ते आधी समोरासमोर ठेवून नीट बघावं, आणि 'बघा' म्हणणारं माणूस वयाने लहान आहे म्हणून त्याला गप्प करू नये.