कागदात अडकलेला नट

एका राज्यात, उगवतीच्या समुद्रापलीकडे, नटांना मोठा मान असे. लाकडी ठशांनी छापलेली त्यांची रंगीत चित्रे लोक घरोघरी लावीत. सान्नोजो हा त्या नटांचा मुकुटमणी. एकदा त्याने मांत्रिक गेंसाईचे सोंग घेतले आणि तोंडावर निळे पट्टे ओढले. लाल पट्टे शूराचे, निळे दुष्टाचे, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. गेंसाई संतापला. त्याने मंत्र टाकला, आणि सान्नोजो चित्र होऊन कागदात अडकला. नाट्यगृहे ओस पडली. राजाने अन्न सोडले.

तेव्हा सान्नोजोची पत्नी ओरिए उठली आणि थेट मांत्रिकाच्या दारी गेली.

"माझा नवरा परत द्या."

"तीन कसोट्या आहेत," गेंसाई म्हणाला. "चुकलीस, की तूही चित्र होशील."

दालनात शेकडो चित्रे होती, आणि प्रत्येकात सान्नोजोचाच चेहरा. "यातला तुझा नवरा ओळख," गेंसाई म्हणाला. इतक्यात दारात उभा असलेला एक सारस पक्षी बोलला, "बाई, चेहरा पाहू नका, बाही पाहा." बाहीवर नटाच्या घराण्याचे चिन्ह असे. सान्नोजोच्या घराण्याची तीन पाने दोनच चित्रांवर निघाली.

एकात लाल पट्ट्यांचा वीर होता. दुसऱ्यात फिकट आकाशी वस्त्र, हाती कमळ. तसे चित्र नट वारल्यावरच छापीत.

"हा दुसरा तुझा," गेंसाई हसला. "रड आता."

ओरिए चित्राजवळ सरकली. तिने ते नीट न्याहाळले.

"वारलेल्याच्या चित्रावर मृत्यूचा दिवस लिहितात. इथे कोरे आहे. हे खोटे. माझा नवरा जिवंत आहे!"

"मग हात न लावता बाहेर काढ त्याला."

चित्रातला वीर एक पाय उचलून, डोळे वटारून, श्वास रोखून थबकला होता. रंगमंचावर नट असा थबकला की प्रेक्षक त्याच्या घराण्याचे नाव गर्जतात, मगच तो पुढे सरतो. ओरिएने छाती भरून घेतली.

"मात्सुबाया!"

कागद थरथरला. सान्नोजोचा पाय धाडकन जमिनीवर आला. मंत्र मोडून गेंसाईवरच उलटला, आणि त्या दणक्यासरशी त्याची सारी विद्या आटली. त्याला एकही मंत्र आठवेना.

सान्नोजो मटकन खाली बसला आणि पोटरी चोळू लागला. "ओरिए, किती उशीर केलास! पायाला मुंग्या आल्या."

ती हसली, आणि हसता हसता रडली.

त्या संध्याकाळी राजा जेवला, नाट्यगृहात दिवे लागले. त्या दोघांचा जीव जसा भांड्यात पडला, तसा ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पडो.