माणसाच्या नावानं चांगभलं

उंबरठाणच्या विहिरीच्या पायऱ्या वाकड्या आहेत. माळावर कुठेतरी लांब त्या सुरू होतात, तिरप्या उतरत येतात आणि विहिरीच्या कुशीतून आत शिरतात. तळाशी एक कोनाडा आहे. एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढाच. पाहुणे हमखास विचारतात, "गवंडी पिऊन होता काय?" मग देवळाचे म्हातारे गुरव ज्ञानूनाना फुलांची पाटी खाली ठेवतात. "बसा," म्हणतात, "आधी ऐका, मग हसा."

चांगभलं हा शब्द या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चांगलं होवो, भलं होवो. पालखी उठली की एकानं हाक द्यायची, "भैरोबाच्या नावानं," आणि साऱ्या गावानं उत्तर द्यायचं, "चांगभलं!" त्यात देवाची स्तुती आली आणि आपलं मागणंही आलं. पण हा मान देवाचा. जित्या माणसाला असं चारचौघांत वाखाणलं तर त्याला दृष्ट लागते, अशी पूर्वी गावाची पक्की समजूत होती म्हणे. माणूस मेला की मात्र अडचण संपली. तिरडी उचलण्याआधी घरच्या माणसानं त्याचे गुण सांगायचे, त्याच्या नावानं हाक द्यायची आणि गावानं चांगभलं म्हणायचं. मेल्याला कुणाची दृष्ट लागणार? मेली म्हैस मणभर दूध म्हणतात ना, ते उंबरठाणात तंतोतंत खरं होतं. जन्मभर ज्याला कुणी बरं म्हटलं नाही, तोही तिरडीवर चढला की धर्मराज व्हायचा.

त्या काळी गावात हौसाक्का नावाची विधवा राहत होती. तिचे दोन मुलगे लहानपणीच गेले. थोरल्याला जत्रेत कुणीतरी "काय गुटगुटीत पोर आहे!" म्हणालं आणि तो तापानं गेला. धाकट्याचंही तसंच झालं. तिसरा झाला तेव्हा तिनं त्याला केराच्या ढिगावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं केरबा. देवानं कचरा समजून सोडून द्यावा, एवढीच तिची इच्छा. केरबा मोठा झाला, अंगापिंडानं भरला, विहिरी खणण्यात पंचक्रोशीत त्याच्या हातासारखा हात नव्हता. पण आईच्या तोंडी एकच, "मेलं कामाचं ना धामाचं." कुणी त्याचं कौतुक काढलं की ती तिथल्या तिथं थू थू करून बोटं मोडायची. पोराला वाईट वाटत असेल, हे तिला कळत होतं. पण वाईट वाटून कुणी मरत नाही, असा तिचा हिशेब होता.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. गावाचे झरे आटले, तेव्हा केरबानं माळावर जागा धरली. विहीर खोल गेली, खडक लागला, पाणी लागेना. आणि एका सकाळी तो एकटाच तळाशी असताना वरचा मुरूम ढासळला.

गाव धावलं. टोपलं भरून वर काढावं, तर तेवढ्यात दोन टोपली माती खाली यावी. दिवस गेला. हाका मारून घसे बसले, बायकांचा आकांत थांबेना, पहारींचा खणखणाट थांबेना. दुसऱ्या दिवशी आणखी एक कड निसटली आणि दोघेजण जाता जाता वाचले. तेव्हा पाटलांनी फावडी खाली ठेवायला लावली.

"अक्का," ते म्हणाले, "आता आनखी पोरं गमवायची न्हाईत. हितंच त्येची समाधी करू. तू हाक दे. मग माती लोटू."

हौसाक्का कडेपासून मागे सरली. हाक द्यायची म्हणजे पोरगं मेलं हे कबूल करायचं. आणि समजा खाली धुगधुगी असलीच, तर आपल्याच तोंडच्या स्तुतीनं ती विझायची. तिनं नाही म्हणून मान हलवली. पण माणसं टोपली भरून उभी होती. तिच्या लक्षात आलं, आता न बोलता राहिले तर तो न ऐकताच जाईल. ती कडेशी गेली आणि खाली वाकून बोलू लागली.

"केरबा, लेकरा, तुज्यासारका कुनी न्हाई रं. तू चालत यायचास तवा माज्या डोळ्याचं पारनं फिटायचं. भाकरी वाढून मी पाठ फिरवायची, ती तुला डोळं दिसू नयेत म्हनून. मला भ्या वाटायचं रं. लई भ्या वाटायचं. गावाला पानी पाजनारा माजा ल्योक, माजा सोन्याचा केरबा…"

आकांत थांबला होता. पहारी थांबल्या होत्या. हौसाक्कानं पदर सावरला आणि कशीबशी हाक दिली, "माज्या केरबाच्या नावानं…"

गावानं उत्तर द्यायचं. पण ज्यानं त्यानं मान फिरवली होती. पाटलांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. माळावर वारा तेवढा वाहत होता.

आणि त्या शांततेत, मातीच्या पोटातून, बारीकसा आवाज आला.

"चांगभलं!"

असं सांगतात की पाटलांनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. हौसाक्कानं पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर आलं, आणि आवाज एका कुशीच्या खडकातून येतोय हे सगळ्यांना कळलं. मग वरून खणणं सोडून माणसांनी लांबून, माळावरून तिरपा चर धरला. हौसाक्का हाक देत होती, केरबा चांगभलं म्हणत होता, आणि पहारी त्या आवाजामागे वळत होत्या. दिवस मावळायच्या आत खडकाच्या खोबणीत अंग चोरून बसलेला केरबा हाताला लागला. त्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

हौसाक्कानं आधी त्याच्या थोबाडीत एक दिली. मग गळ्याला मिठी घालून हमसून हमसून रडली. "मेल्या, आदी का न्हाई वरडलास?"

"कालपास्नं वरडतोय," केरबा म्हणाला, "तुमच्या दंग्यात कुनाला ऐकू जातंय? आज सगळी गप झाली आनी तू बोलाय लागलीस. म्हनलं, आता आपुन मधी तोंड घालू नये."

त्याला काही दृष्ट लागली नाही. म्हातारा होऊन, नातवंडांच्या खोड्या काढत तो गेला म्हणे. पुढे त्या तिरप्या चरातच पायऱ्या बांधल्या आणि त्याची खोबण कोनाडा म्हणून तशीच राखली.

आजही चैत्रात, पालखी देवळात परतली की, त्या वर्षी गावाच्या उपयोगी पडलेल्या एका जित्या माणसाला त्या कोनाड्यात नेऊन बसवतात. शाल नाही, हार नाही. गालाला काजळाची तीट मात्र लावतात. हौसाक्काची भीती गावानं अगदीच टाकलेली नाही. मग घरचं माणूस कडेला उभं राहून मनात दाबलेलं सगळं बोलतं आणि हाक देतं. गाव लगेच उत्तर देत नाही. सगळे श्वास धरून उभे राहतात. आधी खालून चांगभलं ऐकू यावं लागतं.

यंदा कोनाड्यात कोण बसलं होतं, असं पाहुण्यांनी विचारलं की ज्ञानूनाना फुलांची पाटी उचलतात. "आमची मंडळी," म्हणतात, "चाळीस वर्सं संसार केला, पर एवढं सलग म्या कवाच बोललो नव्हतो. खालून उत्तर काय लवकर येईना. जीव नुसता टांगणीला. शेवटी म्हनली एकदाची."