गाव फुटू नये म्हणून

माळरानावरच्या एका गावात हैबतराव नावाचे सरपंच होते. माणूस सरळ होता. आपल्या गावात कधी भांडण होत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. पंचायतीत वर्षानुवर्षं त्यांच्याच भावकीतले लोक बसत. मग कायद्याने एक जागा राखीव झाली आणि गावाबाहेरच्या पारधी वस्तीतली सुरमी निवडून आली.

पहिल्याच ग्रामसभेत ती उभी राहिली. म्हणाली, "गावात चोरी झाली की आधी आमच्या पालांवर काठ्या येतात. असं का होतं, ते एकदा सगळ्यांसमोर बोलू या."

हैबतराव म्हणाले, "बाई, जातीचा विषय काढला की गाव फुटतं. रस्त्याचं बोला, पाण्याचं बोला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरमी खाली बसली.

दिवाळीनंतर गणपा शेतकऱ्याचे बैल गोठ्यातून नाहीसे झाले. कुणी शोध घेतला नाही. गावातले चार तरुण काठ्या घेऊन थेट वस्तीवर गेले. सुरमीचा धाकटा दीर रंग्या पालाबाहेर मुलीची वेणी घालत बसला होता. त्यांनी त्याला ओढत माळावर नेलं. "मी नाही नेले, दादा," एवढंच तो म्हणत राहिला. दवाखान्याच्या वाटेवर त्याने प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी बैल शेजारच्या गावच्या कोंडवाड्यात सापडले. दावं तोडून ते कुणाच्या तरी ज्वारीत शिरले होते.

मारणाऱ्यांत हैबतरावांचा पुतण्या होता. भावकी त्यांच्या ओसरीवर जमली. "अण्णा, पोलिसांना सांगा, रंग्या दारू पिऊन पडला म्हणून. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

हैबतराव उठले आणि वस्तीवर गेले. सुरमीने त्यांना बसा म्हटलं नाही.

"चुकलो, बाई," ते म्हणाले.

"ते माझ्या कानात सांगू नका," ती म्हणाली. "गावासमोर सांगा."

हैबतरावांनी ग्रामसभा बोलावली. पोलिसांसमोर त्यांनी चार नावं घेतली. पहिलं नाव पुतण्याचं. भावजयीने भर सभेत त्यांना तळतळाट दिले. ते ऐकून घेऊन हैबतराव म्हणाले, "आता सुरमीबाई बोलतील. कुणी मधे बोलायचं नाही."

ती बोलू लागली, तसे काही जण उठून गेले. बाकीचे खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी गणपा उभा राहिला.

"दावं तुटलेलं मी सकाळीच पाहिलं होतं," तो म्हणाला. "पण पोरं निघाली, तेव्हा मी गप्प बसलो."



चौघे तुरुंगात गेले. भावाने हैबतरावांशी बोलणं सोडलं. पुढच्या निवडणुकीत ते पडले, पण पंचायतीत प्रत्येक वस्तीचं माणूस आलं आणि सुरमी सरपंच झाली. जातीवरून कुणाला काय सोसावं लागतं, ते आता दर ग्रामसभेत उघड बोललं जाऊ लागलं. कधी आवाज चढत, पण गाव काही फुटलं नाही.

रंग्याची बायको मात्र हे ऐकायला तिथे नव्हती. पोरीला पाठीशी बांधून ती केव्हाच मुलूख सोडून गेली होती.

तात्पर्य: कारभारात सगळ्यांना जागा द्यावी आणि जातीचं दुखणं वेळीच उघड बोलू द्यावं, कारण ते दाबून राखलेल्या शांततेची किंमत कुणाला तरी जीव देऊन मोजावी लागते.