मागच्या दारचा लाकडी ओटा

डोंगराचा उतार जिथे ओढ्यापाशी येऊन विसावतो, तिथे करंजाच्या झाडांमागे एका साळिंदराचे बीळ होते. साळिंदर आणि त्याची साळू असे दोघेच तिथे राहत. पिल्ले मोठी होऊन केव्हाच आपापल्या बिळांत गेली होती. दिवस मावळायला आला की दोघे उतार चढून वरच्या माळावर जात, आणि पलीकडच्या टेकडीवरचे ऊन हळूहळू विझताना बघत बसत. अंधार पडला की मग चरायला निघत. पण एका वर्षी दरड घसरली आणि साळूचा मागचा पाय दगडाखाली सापडला. पाय वाचला, तरी त्यात पूर्वीचे बळ राहिले नाही. तेव्हापासून साळिंदर तिला खांद्याचा आधार देऊन अर्ध्या चढावरच्या कातळापर्यंत नेऊ लागला. तिथून टेकडी अर्धीच दिसे. साळू कधी कुरकुरली नाही; पण ती मान उंचावून बघते आहे हे साळिंदराच्या लक्षात येई.

मुलांनो, त्यांच्या बिळाला मागचेही एक दार होते. त्या दारात उभे राहिले की ओढ्यापलीकडची सगळी टेकडी समोर दिसे. अडचण एवढीच, की दाराबाहेर जमीन एकदम खाली उतरत होती आणि बसायला तसूभरही सपाट जागा नव्हती. एके दिवशी साळिंदराच्या मनात आले, की इथे लाकडी ओटा बांधला तर साळूला पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. त्याने सुतारपक्ष्याला बोलावले. सुतारपक्षी बोलायला रोखठोक होता. त्याने उतार पाहिला, ओंडके ठोकून पाहिले आणि हिशेब सांगितला. खांबांचे खड्डे रानडुक्कर खणील, त्याला कंद द्यावे लागतील; भोके आपण पाडू, आपल्याला अळ्या चालतील; लाकूड ऐनाचे घ्यावे, म्हणजे पावसात कुजणार नाही. दोघांपुरता ओटा केला तर पावसाळ्यासाठी साठवलेल्या कंदांतले थोडेच कमी होतील. साळूने ते ऐकले आणि तिचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले.

दाराशी पहिल्या फळ्या बसल्या, आणि शेजारचे मुंगूस बघायला आले. त्याला मोठेपणाची फार हौस. त्याने फळ्यांवरून एक फेरी मारली आणि नाक मुरडले. "एवढासा? जन्मात एकदाच बांधायचा, तर सगळे रान येऊन बसेल असा बांधावा," ते म्हणाले. मग त्याने कठडा कुठे शोभेल, ओढ्यापर्यंत पायऱ्या कशा नेता येतील, हेही दाखवले. साळिंदराला ते पटले. आपल्या साळूसाठी करायचे, तर त्यात हात आखडता का घ्यायचा? त्याने सुतारपक्ष्याला ओटा वाढवायला सांगितले. सुतारपक्ष्याने एकदा विचारले, की एवढे खरेच हवे आहे का. मग तो नव्या मापाच्या कामाला लागला.

ओटा वाढला तसा खर्चही वाढला. उतारावर खाली जावे तितके खांब लांब लागत आणि खड्डे खोल. रानडुकराने कंद वाढवून मागितले. कठड्यासाठी वेली दूरच्या दरीतून आणाव्या लागल्या. बघता बघता पावसाळ्याची बेगमी सरत आली. तेव्हा साळिंदर नवे कंद उकरायला डोंगरापलीकडे जाऊ लागला. तो दुपारीच निघे आणि परत येईपर्यंत अंधार झालेला असे. साळूला कातळापर्यंत न्यायला आता कोणी नव्हते. ती बिळाच्या तोंडाशी बसून त्याची वाट बघे. तो आला की त्याच्या पंजांतले काटे काढून देई आणि आज काय काय आणले ते विचारी. तो थकून बोलता बोलताच झोपी जाई. झोपताना त्याला वाटे, आपण हे सारे हिच्यासाठीच तर करतो आहोत.

एका संध्याकाळी तो परतला, तेव्हा साळू बिळाच्या तोंडाशी नव्हती. आतही नव्हती. त्याने हाक मारली. मागच्या दाराकडून बारीकसा आवाज आला. साळिंदर धावत गेला. दाराशी बसवलेल्या फळ्यांपलीकडे नव्या भागाचे नुसते वासे टाकलेले होते, आणि त्यांतला एक वासा पोटाशी धरून साळू लोंबकळत होती. तिचा अधू पाय दोन वाशांमध्ये अडकला होता आणि खाली उतार थेट ओढ्यात गेला होता. बऱ्याच वेळापासून ती तशीच होती. हाका मारून तिचा आवाज बसला होता. साळिंदर सरपटत वाशांवर गेला, तिच्याखाली आपला खांदा घातला आणि दातांनी एक वासा कुरतडून तिचा पाय मोकळा केला. मग त्याने तिला फळ्यांवर आणून ठेवले.

साळू म्हणाली, "रागावू नका. किती दिवसांत ऊन विझताना पाहिले नव्हते, म्हणून एकटीच इथे येऊन बसले. म्हटले, जरा पुढे होऊन शेवटचे ऊन बघावे."

"थोडे थांबली असतीस, तर कठड्यासकट सगळा ओटा झाला असता," साळिंदर कसेबसे म्हणाला.

साळूने बसल्या जागेवर पंजा फिरवला. "अहो, आपल्या दोघांना एवढा ओटा पुरतो. हा केव्हाच झाला आहे. तुम्ही तेवढे त्यावर कधी नसता."

साळिंदर तिच्या शेजारी बसला. टेकडीवर आता काळोखाखेरीज काही दिसत नव्हते. तरी ती दोघे तिकडेच तोंड करून बराच वेळ बसून राहिली.

सकाळी त्याने सुतारपक्ष्याला काम थांबवायला सांगितले. फळ्यांभोवती साळूच्या उंचीचा कठडा तेवढा घालून घेतला आणि पुढचे वासे काढून टाकायला लावले. दिलेले कंद परत मिळतील का, असे त्याने भीत भीत विचारले. सुतारपक्ष्याने नकारार्थी मान हलवली. रानडुकराने खड्डे खणून दिले होते, आणि खणण्याची मेहनत काही परत घेता येत नाही. साळिंदराला ते मान्य करावे लागले. मुंगूस येऊन गेले. एवढ्या गाजावाजानंतर हे एवढेच, असे पुटपुटत ते निघून गेले. साळिंदराला थोडे वाईट वाटले, पण त्याने ते मनावर घेतले नाही.

त्या पावसाळ्यात दोघांना अर्ध्या पोटी राहावे लागले. कंद संपले, तेव्हा करंजाची साल कुरतडून त्यांनी दिवस काढले. उतारावरचे रिकामे खड्डे पाण्याने भरले आणि त्यांत बेडूक राहायला आले. त्यांचा आवाज ऐकत साळू हसे. म्हणे, खणले ते अगदीच वाया गेले नाही. पाऊस उघडला त्या दिवशी टेकडी हिरवीगार होऊन समोर आली. संध्याकाळी दोघे ओट्यावर बसले. मावळतीचे ऊन सरकत टेकडीच्या माथ्यावर पोचण्याआधीच साळूला डुलकी लागली आणि तिची मान साळिंदराच्या खांद्यावर कलली. त्याने आपले सगळे काटे अंगाशी मिटून घेतले, आणि ती जागी होईपर्यंत तो जराही हलला नाही.

तात्पर्य : आपल्या जिवलगासाठी काही उभारताना त्याच्या सोबतीचा वेळ त्यात खर्ची घालू नये; सरलेला साठा पुन्हा भरता येतो, पण सरलेल्या संध्याकाळी परत मिळत नाहीत.