पळीचा फुगा

पुळणीवर क्रूसासमोर हे तीन काळे धोंडे दिसतात ना, ती आमची चूल. वर्षभर तिथे कुत्री झोपतात आणि एकच दिवस, नाताळच्या आदल्या सकाळी, तिवरपाड्याच्या सगळ्या बायका तिथे फुगे तळायला जमतात. तुम्ही नेमके त्याच दिवशी आलात. वाटेत ओरडा ऐकून तुमच्यातले एकजण म्हणाले म्हणे, मारामारी चाललीय, परत फिरू या. मारामारी नाही हो, सण आहे. बसा त्या होडीच्या सावलीला. पुढचा घाणा तळून निघेपर्यंत सांगून होईल.

आधी फुगा म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. गव्हाचं पीठ, अंडी, नारळाचं दूध, आणि फुगून यायला माडी. मळून रात्रभर गोधडीत गुंडाळून ठेवायचं, तान्ह्या मुलासारखं. सकाळी ओल्या हातात पीठ घ्यायचं आणि मूठ दाबायची. अंगठ्याजवळून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो तेलात सोडायचा. मुठीतूनच. आमच्याकडे मुलगी बघायला गेले की नाकडोळे कुणी बघत नाही, मूठ बघतात.

तर माझ्या आजेसासूच्याही आजेसासूच्या काळात पाड्यावर पावलीन नावाची बाई होती, असं सांगतात. तिचं बोलणं पहाटे कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचं. कोंबडा म्हणे शेवटी आरवायचाच बंद झाला. भांडखोर नव्हती, पण मीठ मागायचं तरी खाडीपलीकडच्या गावाला ऐकू जायचं. पलीकडच्यांनी एकदा खरंच मीठ पाठवून दिलं होतं. तिचा नवरा बस्त्याव शिडाच्या होडीचा तांडेल, स्वभावाने गरीब. तो समुद्रावर विश्रांतीला जातो, असं लोक म्हणायचे.

एका वर्षी नाताळच्या आधी बस्त्याव चार गडी घेऊन खोल समुद्रात गेला. वीस तारखेला यायचा तो आला नाही. एकवीस उजाडली, तरी होडी नाही. वारा पडला होता आणि पाण्यावर धुकं बसलं होतं. बाकीच्या चार बायका नवस बोलल्या. कुणी मेणबत्ती बोलली, कुणी अनवाणी चालणं. पावलीन पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, तुला सगळ्यांत प्रिय आहे ते दे. तिने घरी येऊन विचार केला. सोन्याचे मणी होते, पण ते काही तिला तेवढे प्रिय नव्हते. मग ती या क्रूसापाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मरियामाय, बस्त्यावचा पाय वाळूला लागेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही." आणि तोंड मिटलं.

पाड्याने आधी विश्वास ठेवला नाही. माणसं कामं टाकून बघायला यायची. तिची सासू घाबरून काढा करायला लागली. कोंबड्या तिच्या हाकेवर दाणे खायच्या, त्या उपाशीच अंगणात उभ्या राहिल्या. सुकी मासळी घ्यायला येणारा व्यापारी आला, त्याने भाव सांगितला, पावलीन गप्प. त्याला वाटलं, बाई फारच रागावली. त्याने आपणच दोनदा भाव वाढवला. ती तरी गप्पच, खाली मान घालून, डोळ्यांतून पाणी. तेव्हा सगळ्यांना कळलं की ही थट्टा नाही.

बावीस गेली, तेवीस गेली. पावलीन क्रूसाजवळून हलेना. चोवीस तारखेची सकाळ उजाडली ती अशी दाट धुक्याची की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. सासूने कपाळाला हात लावला. पीठ तर आदल्या रात्री सवयीने मळून झालं होतं, ते फुगून गोधडीबाहेर आलेलं. फुगे नाहीत त्या घरी नाताळ आला नाही, असं आमच्यात मानतात. आणि नाताळच नको म्हणणं म्हणजे बस्त्याव येणार नाही असं कबूल करण्यासारखं. म्हणून सासूने ठरवलं, सून चुलीकडे येत नाही तर चूल सुनेकडे नेऊ. हे तीन धोंडे तेव्हाचे.

कढई चढली. पावलीन बसल्या जागी बघत होती, पण हात पुढे करीना. तेव्हा तिची धाकटी जाऊ पुढे झाली. आग्नीस तिचं नाव. आग्नीस त्याच वर्षी लग्न होऊन वरच्या, डोंगराकडच्या गावातून आलेली. पावलीनचं तोंड बंद असल्यामुळे तीन दिवस तिला घरात फार बरं वाटत होतं. तिने पदर खोचला, पिठात अजून मूठभर साखर टाकली. पावलीनने डोळे मिटून घेतले. आग्नीसने पिठात ताक घातलं. पावलीनने पदर तोंडात कोंबला. मग आग्नीसने पळी उचलली, पीठ पळीत घेतलं आणि पळीने तेलात सोडलं.

पडला तो फुगा कसला. एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला कान.

सांगतात की पावलीनच्या तोंडातला पदर आपोआप बाहेर पडला. "मुठीतून सोड गं, मुठीतून. भजी तळतेस का?"

खाडीवरचे बगळे उडाले. आणि दुसऱ्याच क्षणी पावलीनला कळलं आपण काय केलं ते. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. एका पळीपायी तिने नवरा घालवला होता.  आग्नीसचा चेहरा पिठासारखा झाला.

तेवढ्यात धुक्यातून, लांबून आवाज आला. "अगं, थांबलीस का? बोल ना."

बस्त्यावचाच आवाज.

आता ही खाडी बघा. तोंडाशी दोन्हीकडे खडप आहे, पाण्यातला खडक, मधे दोन होड्यांपुरती वाट. दीपगृह नव्हतं, देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा इथवर पोचायची नाही. धुकं असलं की पाड्याचे तांडेल पावलीनच्या आवाजावर सुकाणू धरून आत यायचे. उजव्या कानाला ऐकू आली तर उजवीकडे वळायचं, डाव्या कानाला आली तर डावीकडे. पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती आणखी बोलेल, असं त्यांचं आपसात ठरलेलं. आणि बस्त्याव आदल्या संध्याकाळपासून खडपाबाहेर नांगर टाकून बसला होता. पाड्यावरून आवाज येईना, तेव्हा गडी म्हणाले, आपण दुसऱ्याच गावाला आलो. होडीतलं प्यायचं पाणी संपलं होतं, ओहोटी सुरू झाली होती. नांगर काढून पुढे जायचं, असं ते ठरवत होते, तोच भज्यांवरून ओरड ऐकू आली.

किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका एकदम हाका मारायला लागल्या. धुक्यातून बस्त्याव म्हणाला, "गलका नको. कुठून येतोय ते कळत नाही. पावलीनला एकटीला बोलू द्या."

सगळ्यांनी पावलीनकडे बघितलं. त्याचा पाय अजून वाळूला लागला नव्हता. एकदा चुकून तोंड उघडलं ते वेगळं, आता जाणूनबुजून व्रत मोडायचं होतं. न बोलावं तर खडप, बोलावं तर नवस.  पावलीन उठली आणि क्रूसाकडे वळली. "माय, तूही घरधनीण होतीस," ती म्हणाली. "समजून घे. राहिलेलं आम्ही फेडू."

मग तिने समुद्राकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. लग्नाच्या दिवशी बस्त्याव वरातीला उशिरा आला, तिथपासून. त्याने तिच्या आईला काय म्हटलं होतं. बाजारातून आणायला सांगितलेली हंडी आणि त्याने आणलेलं कासव. शिंक्यातलं त्याने संपवलेलं लोणचं. एकही साल वगळलं नाही. तीन दिवसांचं साठलेलं होतं, त्याला धारही तशीच. आवाज दोरासारखा सरळ पाण्यावर गेला आणि त्या दोराला धरून, वल्ही मारत, होडी दोन खडपांच्या मधून आत आली. होडीचं पुढचं टोक वाळूला टेकलं तेव्हा पावलीन फक्त सहाव्या वर्षापर्यंत पोचली होती म्हणे. लग्नाला चौदा झाली होती.

बस्त्याव उतरला. तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पुढचं घरी सांग." मग ती रडली.

पण नवसाचं काय, हा घोर तिला लागून राहिला. दुपारी पाद्रीबाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आग्नीसचा तो शेपटीकानवाला फुगा अजून ताटात पडून होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. पाद्रीबाबा म्हणाले, मौन अपुरं राहिलं, ते कुणीतरी पुरं करायला हवं. ज्याच्यासाठी धरलं होतं त्यानेच करावं. बस्त्यावने हा फुगा खायचा, आणि तो संपेपर्यंत शब्द काढायचा नाही. चव कशी आहे तेही सांगायचं नाही. बस्त्यावने खाल्ला. शहाणा माणूस, असं पाड्यावर म्हणतात. आग्नीसला मात्र पावलीनने त्याच दुपारी जवळ बसवून मूठ शिकवली, बोलत बोलत.

आजही नाताळच्या आदल्या सकाळी चूल इथेच लागते. पहिले फुगे घरातली धाकटी जाऊ मुद्दाम पळीने सोडते, आणि थोरलीने ते बघून ओरडायचं, असा नेम. मग एकेक बाई पाण्याकडे तोंड करून आपल्या माणसाचा वर्षाचा हिशेब मोठ्याने सांगते. तुम्ही ऐकलात तो तोच. आता होड्यांना इंजिनं आहेत, मोबाइलमध्ये वाट दिसते, पण धुकं पडलं की आमचे तांडेल अजून इंजिन बंद करतात आणि कान देतात.

आणि पळीचे ते वाकडे फुगे घरोघरच्या पुरुषांनी मुकाट्याने खायचे. खाऊन होईपर्यंत त्यांनी बोलायचं नाही, आणि तेवढा वेळ त्यांना कुणी काही विचारायचंही नाही, ही पाद्रीबाबांनी मागाहून दिलेली सूट. तो बघा, माडाखाली बसलाय तो आमचा म्हातारा. एवढासा फुगा आहे. अर्धा तास झाला, अजून खातोय.