गार लागणारा दगड

त्या मुलखात सगळ्यांना तहान होती, पण तिला कोणी तहान म्हणत नसे. विहिरी होत्या, डबकी होती, बारमाही ओढाही होता. पाणी मात्र सगळीकडे मचूळ. कितीही प्यायलं तरी जिभेच्या टोकाशी काहीतरी अपुरं राहायचं. पिल्लांनी विचारलं तर आया सांगत, असंच असतं. त्यांनाही त्यांच्या आयांनी तेच सांगितलेलं होतं.

निरोप आला तो दिवस इतर कुठल्याही दिवसासारखाच होता. कोवळं ऊन पडलं होतं. अंगभर काटे असलेली सोनकी साळू बिळाच्या तोंडाशी बसून मुळं सोलत होती. शेजारच्या बांधातलं मुंगूस, भागाबाई, आपल्या पिल्लांवर ओरडत होती. मुळं दोघांना पुरतील एवढी सोलून झाल्यावर सोनकीच्या ते लक्षात आलं आणि तिने अर्धी बाजूला सारली. गेले नऊ दिवस हे असंच होत होतं.

तेवढ्यात समोरच्या धोंड्यावर एक हुदहुद पक्षी येऊन उतरला. त्याने डोक्यावरचा तुरा उभारला, सोनकीच्या अगदी कानाशी आला आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला,

"दगड फुटला आहे. पाणी गोड आहे. फोडणारा जिवंत आहे. या."

मग नेहमीच्या आवाजात त्याने उरलेलं सांगितलं. डोंगराच्या धन्याच्या अंगणाखाली गोड पाण्याचा झरा होता, पण खडकाने तोंड बंद केलेला. तो खडक फोडायला धन्याचा मुलगा स्वतः खाली उतरला. खडक फुटला आणि दरड त्याच्या अंगावर आली. तो गेला असंच सगळे समजले. तिसऱ्या दिवशी पाणी वर आलं आणि पाण्याबरोबर तोही आला. हातांवरच्या जखमा मात्र तशाच राहिल्या. आता डोंगराची वाट सगळ्यांना मोकळी आहे.

सांगून झाल्यावर हुदहुदाने गळ्यातल्या पानाच्या द्रोणात चोच बुडवली आणि सोनकीच्या कपाळावर ओल्या पांढऱ्या मातीची रेघ ओढली. ज्याने निरोप ऐकला त्याची ही खूण. मग तो भागाबाईच्या कानाशी गेला, तर तिने पिल्लांनाही ओळीने उभं केलं आणि ऐकून झाल्यावर स्वतःचं कपाळ सगळ्यांत आधी पुढे केलं.

"किती दिवस झाले म्हणता दगड फुटून?" सोनकीने विचारलं.

"झाले की बरेच. मुलूख मोठा, निरोपे थोडे."

"आमचे हे नऊ दिवसांपूर्वी गेले."

हुदहुदाचा तुरा हळूहळू खाली बसला.

साळूंच्या कुळात एक चाल होती. जोडीतलं एक गेलं की ज्या दालनात ते गेलं, ते दालन मातीने बुजवायचं. त्या मातीत गेलेल्याचा एक काटा उभा खोचायचा. मग ती माती पुन्हा उकरायची नाही. उकरेल त्याने ते बीळ कायमचं सोडायचं. सोनकीने सगळं रीतसर केलं होतं. नवऱ्याचा, रानबाचा काटा, दोन काळी वळी असलेला, बिळाच्या शेवटच्या दालनापुढे उभा होता.

त्या दालनाचीही एक गोष्ट होती. त्याच्या मागच्या भिंतीला एक काळा खडक लागलेला होता. दुसरा कोणी असता तर बिळाला वळण देऊन मोकळा झाला असता. रानबा मात्र रोज संध्याकाळी तिथे जायचा, खडकाला नाक लावायचा आणि म्हणायचा, "इथून गार लागतं." मग नखांनी खरवडत बसायचा. वर्षानुवर्षं. पलीकडे काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. भागाबाई यावरून त्याची फिरकी घ्यायची. "काय रानबाभावजी, दगड काय म्हणतोय आज?" तो म्हणायचा, "म्हणत काही नाही. पण आहे." सोनकीनेही दोन-तीनदा नाक लावून पाहिलं होतं. तिला दगड दगडासारखाच लागला होता. शेवटच्या दिवशी तो खडकाला नाक लावून बसला तो उठलाच नाही. तिने त्याला तिथेच कुशीवर निजवलं होतं.

"त्या मातीवर एक रेघ ओढाल का?" तिने हुदहुदाला विचारलं.

"रेघ ऐकणाऱ्याच्या कपाळावर ओढतात, बाई. भिंतीवर नाही."

"ऐकलं असतं तर ते सगळ्यांच्या आधी धावले असते."

"असतील," हुदहुद म्हणाला. "पण मला कानाशी जाऊन सांगायला सांगितलंय. कान नसेल तिथे काय करायचं, ते सांगितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी बांधावरचे सगळे डोंगराकडे निघाले. सोनकीही निघाली, पण पाणी प्यायला नव्हे. वाटेच्या पायथ्याशी नाना कासव बसतो आणि त्याला सगळं ठाऊक असतं, असं तिने ऐकलं होतं. सगळं ठाऊक असणाऱ्याला एवढी एक गोष्ट ठाऊक असेलच, असं तिला वाटलं.

पायथ्याशी रांग होती. नाना प्रत्येकाच्या कपाळाकडे बघे आणि मान हलवी. सोनकीची पाळी आली.

"जा वर."

"नाना, एक विचारायचं होतं."

"विचार. पण रांग तुंबवू नकोस."

तिने विचारलं. निरोप पोचायच्या आधीच जो गेला, त्याचं काय? नानाने मान कवचात ओढून घेतली आणि बऱ्याच वेळाने बाहेर काढली.

"रेघ असेल त्याला वर सोड, असं मला सांगितलंय. रेघ नसेल त्याचं काय, हे सांगितलेलं नाही."

"म्हणजे नाही?" मागून एका कोल्ह्याने विचारलं.

"मी 'सांगितलेलं नाही' म्हणालो."

"तेच ते," कोल्हा म्हणाला. "वाट एक, खूण एक. ज्याला खूण नाही त्याला वाट नाही. उगाच वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, वहिनी."

"तेच ते कसं?" भागाबाई उसळली. "एवढा मोठा धनी, स्वतःचा पोरगा दरडीखाली घातला, तो नऊ दिवसांवरून कुणाला तहानेलं ठेवेल होय? कुणाचंच काही अडणार नाही, बघ तू."

"मग तू पहाटेपासून रांगेत का उभी आहेस, भागाबाई? घरीच बसायचंस. पाणी येईल की चालत."

रांगेतले हसले. भागाबाईने एका पिल्लाच्या पाठीत धपाटा घातला.

नाना हसला नाही. "माझं तळं तीन उन्हाळ्यांपूर्वी आटलं," तो सोनकीला हळू आवाजात म्हणाला. "अकराजण होतो. मी एकटा चालत निघालो म्हणून वाचलो. इथे बसल्यापासून मी रोज वाटेकडे बघतो. वरून कोणी उतरलं की विचारावंसं वाटतं. अजून विचारलं नाही."

"का?"

"उत्तर मिळेल म्हणून."

सोनकी रांगेतून बाजूला झाली. भागाबाईने तिचा पंजा धरला. "अगं, निदान तू तरी पी. ओठ बघ तुझे."

तिला तहान लागलेली होती. गोड पाण्याबद्दल ऐकल्यापासून मचूळ पाणी तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण साळूंची जोडी पाण्यावर गेली की आधी पोचेल त्याने थांबायचं असतं. दुसरं आल्याशिवाय तोंड लावायचं नसतं. ही सवय इतकी जुनी होती, की ती मोडायची कशी हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

"तू हो पुढे," ती म्हणाली आणि परत फिरली.

परतीच्या वाटेवर उंबराचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीवर हुदहुद बसला होता. पुढच्या खोऱ्याकडे जायचं सोडून तो तिथेच होता. उंबरं पिकून खाली सडा पडला होता, पण तो खात नव्हता.

"तुम्ही गेला नाहीत?"

"बाई," तो म्हणाला, "मी या झाडावर अकरा दिवस होतो. तुमच्याकडे यायच्या आधी. उंबरं पिकली होती. म्हटलं, निरोप काय, आज दिला काय, उद्या दिला काय."

सोनकीने खालचा सडा बघितला. अकरातून नऊ गेले की किती राहतात, हे दोघांनाही कळत होतं.

"गोड होती?" तिने विचारलं.

"होती."

"बरं."

हुदहुदाला तिथे बसवेना. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग तीच म्हणाली, "तो निरोप मला पाठ करून द्या."

"कशाला?"

"तुमचा नियम आहे ना, कानाशी जाऊन सांगायचा. मी सांगते. मातीला नाही. आत जाऊन, त्यांच्या कानात."

"माती उकरणार? बीळ सुटेल तुमचं."

"सुटेल."

"आणि ते ऐकतील?"

"ते मला सांगितलेलं नाही," सोनकी म्हणाली.

हुदहुद फांदीवरून खाली उतरला. त्याने तिला चारही वाक्यं शिकवली. ती 'या' घाईत म्हणायची, तर त्याने थांबवलं. 'या' म्हणण्याआधी श्वास घ्यायचा. तो शेवटचा शब्द ऐकणाऱ्यासाठी असतो. ती बरोबर म्हणू लागली तेव्हा त्याने द्रोणातली माती अर्धी काढून तिचा गोळा केला आणि तिला दिला. मग तो उडाला तो थेट पुढच्या खोऱ्याच्या दिशेने. वाटेत आणखी दोन उंबर होते. त्यांच्यावरून तो उंच गेला.

सोनकी बिळात आली. दिवस चांगला वर आला होता. काट्यापुढे ती थोडा वेळ बसली. मग तिने काटा उपटून बाजूला ठेवला, मातीचा गोळा एका पंजात धरला आणि दुसऱ्याने उकरायला लागली.

स्वतःच्याच हाताने थापलेली माती होती. कुठे घट्ट, कुठे सैल, तिला माहीत होतं. मध्यावर आल्यावर माती ओलसर लागली. तिला आश्चर्य वाटलं, कारण तिने कोरडी माती भरली होती. उकरता उकरता ती पुटपुटत होती, दगड फुटला आहे, पाणी गोड आहे, म्हणजे ऐन वेळी चुकायला नको. शेवटचा थर आपणहून ढासळला.

आतून गार वारा आला. आणि उजेड.

बिळाच्या त्या टोकाला कधीच उजेड नव्हता. सोनकी डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडल्यावर तिने आधी जमिनीकडे पाहिलं, कारण तिला तिथे बघायचं होतं. जिथे तिने रानबाला कुशीवर निजवलं होतं, तिथे त्याच्या अंगाचा खळगा तेवढा होता. खळग्यात पाणी साचलं होतं आणि एका धारेने आणखी येत होतं.

मग तिने खडक पाहिला. त्याला भोक पडलं होतं. एक साळू अंग चोरून जाईल एवढं. भोकाच्या अलीकडच्या कडेवर रानबाचे ओरखडे होते, एकावर एक, हजारो, आणि सगळे मिळून जेमतेम नखभर खोल. तेवढंच झालं होतं त्याच्या आयुष्यात. पलीकडून मात्र खडक कित्येक हात खोल फोडत आणलेला होता. खुणा रुंद होत्या, खोल होत्या, कुठल्याही जनावराच्या नखाच्या नव्हत्या. त्यांच्या कडांना कुठे कुठे लाल डाग होते. एवढ्या मोठ्या डोंगरातून त्या खुणा इकडेतिकडे न वळता नेमक्या या ओरखड्यांवर आलेल्या होत्या.

तिने पायाखाली बघितलं. शेवटच्या पापुद्र्याच्या कपच्या सगळ्या अलीकडे, दालनात पडलेल्या होत्या; शेवटचा घाव पलीकडून बसला होता.

ती पुढे झाली आणि भोकाला नाक लावलं. गार लागलं. पलीकडच्या ओल्या दगडावर एक काटा पडला होता, दोन काळी वळी असलेला. अरुंद जागेतून जाताना साळूचा एखादा काटा गळतोच. त्याच्या पुढे पाणी होतं. पाण्याच्या काठावर माती दबलेली होती, जोडीतल्या दुसऱ्याची वाट बघत कोणीतरी बराच वेळ थांबून राहावं तशी.

सोनकीच्या पंजातला पांढऱ्या मातीचा गोळा धारेखाली विरघळून गेला. निरोपाची चारही वाक्यं तिला पाठ होती, 'या'च्या आधीच्या श्वासासकट. ती सांगायची राहून गेली.